झाकणातली चकती

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. आत्याबाईचे. ती वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर चारच वर्षांत नवरा गेला आणि ती तामसीजवळच्या आमच्या गावी परत आली, ती कायमची. तिला अक्षरओळख नव्हती. पण आमच्या घरात पहिला पदवीधर झाला तो तिच्यामुळे. सातवीनंतर वडील मला शेतात घालणार होते, तेव्हा ती चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "हा कापूस वेचाले गेला तर मी या घरचं पानी नाई पिनार." नुसतं म्हणाली नाही. दीड दिवस ती शेजारच्या घरी जाऊन पाणी पीत होती. वडील हरले.

पुढे मी आदिलाबादच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेलो, तेव्हा ती तीन वर्षं माझ्याबरोबर एका खोलीत राहिली. येताना तिनं अंथरूण, तवा आणि पाच बरण्या आणल्या. प्रत्येक बरणीच्या तोंडाला कापड आणि गळ्याला दोरी बांधलेली असे. लाल दोरीची आंब्याच्या लोणच्याची, पांढरी लिंबाची, काळी करंजाच्या तेलाची. ज्या भांड्यात जे एकदा गेलं तेच त्यात आयुष्यभर, हा तिचा कायदा होता. भांडं रिकामं झालं तरी त्यात दुसरं काही जायचं नाही.

तो कायदा मी लहानपणी एकदा मोडला होता. घाण्यावरून जवसाचं तेल आणायला बाटली सापडेना, म्हणून करंजाची रिकामी बाटली मी राखेनं तीनदा घासली, साबणानं धुतली, उन्हात वाळवली आणि तीत जवस भरून आणलं. रात्रीच्या चटणीला ते तेल पडलं आणि पहिल्याच घासाला घरातले सगळे ताटावरून उठले. कडू जहर. आत्याबाईनं मला मारलं नाही. ते सगळं तेल उकिरड्यावर ओतलं, बाटली उघडून माझ्या नाकाशी धरली आणि म्हणाली, "घे वास. धुतल्यानं तुहे हात साफ झाले, हे नाई झालं."

हे सगळं मला पाठ होतं. तरीही पुढे मी जे केलं ते केलं, म्हणून हे लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मला नोकरी लागली. खात्याचं नाव लिहीत नाही. दारू, ताडी आणि गांजा यांच्या मागे फिरणारं खातं, एवढं पुरे. जिल्ह्याच्या ठिकाणी ऑफिस, मागे मालखाना. जप्त केलेला माल तिथं कुलपात राहायचा. मालखान्याचा कारभार एका म्हाताऱ्या जमादाराकडे होता. त्याची सगळी भाषा निजामाच्या काळातली, फाइलला मिसल, जप्त मालाला मुद्देमाल, पाठवणीला रवानगी. आमचे साहेब तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलायचे.

गांजा आम्हाला नवा नव्हता. तो पोत्यात यायचा आणि पोत्यातच राहायचा. उंदीर आणि बुरशी यांच्यापासून जपलं की झालं. तेल मात्र माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा आलं. इचोड्याच्या पुढे हायवेवर एका ट्रकमध्ये प्लॅस्टिकचा कॅन सापडला. आत गुळाच्या पाकासारखं घट्ट, हिरवट काळं तेल. बोटाला लागलं की साबणानं निघत नसे, रॉकेल लागे. गांजा आटवून त्याचा अर्क काढलेला. पोत्यात जे मावतं ते कॅनमध्ये बसवायची युक्ती.

साहेबांनी मला बोलावलं. "बाबू, तुम केमिस्ट्री पढ़े ना? तो ये तुम्हारा."

मला फार आनंद झाला. आमच्या घरातल्या पहिल्या पदवीचा पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग होणार होता. काम ऐकायला सोपं होतं. कॅनमधून दोन नमुने काढायचे, मोहरबंद करायचे, राजधानीतल्या प्रयोगशाळेला बसनं पाठवायचे. प्रयोगशाळेनं हे गांजाचं तेल आहे असं लिहून दिलं की खटला उभा राहणार. लिहून दिलं नाही तर काहीच नाही.

पहिला नमुना मी इंजेक्शनच्या रिकाम्या कुपीत भरला. तिला रबरी बूच होतं. रवानगीची इजाजत यायला पंधरा दिवस लागले आणि तेवढ्यात बूच फुगून लिबलिबीत झालं. काढायला गेलो तर निम्मं कुपीत, निम्मं हातात. दुसऱ्या वेळी लाकडी बुचाची औषधाची बाटली घेतली. वर आमच्या रिवाजाप्रमाणे लाख वितळवून ओतली आणि पितळी मोहर दाबली. मे महिना होता. आमच्याकडचा मे महिना ज्यानं पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. तेल बुचातून वर चढलं, लाखेपर्यंत पोचलं आणि लाखेचा मेणासारखा गोळा झाला. निर्मळचा घाट उतरेपर्यंत मोहर सपाट. प्रयोगशाळेचं पत्र आलं, 'मोहर वाचता येत नाही, सबब नमुना स्वीकारता येत नाही.'

तिसऱ्या वेळी पत्र्याची डबी. तिच्या आतला रंग तेलानं सोडवला आणि नमुन्यात पिवळे पापुद्रे तरंगू लागले. चौथ्या वेळी पांढऱ्या काचेची बाटली, चांगली, घट्ट. ती मी खिडकीत ठेवली आणि आठवड्यात तेलाचा हिरवा रंग जाऊन तपकिरी झाला. उजेडानं माल बदलतो हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण खिडकी बंद करायची आठवण झाली नाही. इकडे मूळ कॅनच्या भिंती मऊ पडून आत खेचल्या गेल्या होत्या आणि मालखान्याला बाहेरून वास यायला लागला होता.

जमादार रोज येऊन माझ्या टेबलावरच्या कुप्या मोजायचा. "क्या बाबूजी, अत्तर की दुकान खोल रहे क्या?"

तोवर मला नेमकं काय हवं ते कळलं होतं. तपकिरी काच, रुंद तोंड, आट्यांचं झाकण, झाकणाच्या आत तेल न पिणारं अस्तर. गळ्यापर्यंत भरायचं, म्हणजे हवा कमी राहते, पण काठोकाठ नाही, कारण उन्हात तेल वाढतं. लाख बुचावर ओतायची नाही. बाटलीला आधी कापड बांधायचं आणि दोरीच्या गाठीवर लाख घ्यायची, म्हणजे तेल आणि लाख एकमेकांना भेटतच नाहीत. ही कापडाची आणि दोरीची युक्ती पुस्तकातली नव्हती, आत्याबाईच्या बरणीची होती. आणि पेटीत कापूस भरायचा नाही, ज्वारीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भरायचं. तूप गावाहून आणताना ती तसंच आणायची. कापूस गळती लपवतो, कुटार ओलं झालं की लगेच दिसतं.

हे सगळं मी दोन पानांत लिहिलं आणि नव्या बारा बाटल्यांची मागणी वर पाठवली. महिन्यानं उत्तर आलं, 'कार्यालयात रिकाम्या बाटल्या उपलब्ध असताना नवीन मागणीचे कारण स्पष्ट करावे.' मी कारण स्पष्ट केलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, 'या विषयावरील पूर्वीचे पत्र पाहावे.' ते पूर्वीचं पत्र म्हणजे वरचंच. मी तिसऱ्यांदा लिहिलं. तिसऱ्या पत्राला उत्तरच आलं नाही. त्या वर्षी मी जेवढा वैतागलो तेवढा परीक्षेच्या निकालालाही वैतागलो नव्हतो. एका बाटलीसाठी मी एवढं शिकलो का, असं वाटायचं.

शेवटी बाटल्या जमादारानं दिल्या. त्याला खोकला होता आणि तो जे टॉनिक प्यायचा ते रुंद तोंडाच्या तपकिरी बाटलीत यायचं. चार रिकाम्या बाटल्या त्यानं माझ्या टेबलावर मांडल्या. "लो बाबूजी. सरकार की ख़िदमत में खाँसा हूँ."

मी त्या उकळून, धुवून वापरल्या. दोन नमुने प्रयोगशाळेला, दोन मालखान्यात राखीव. कुटाराच्या पेटीतून नमुने धड पोचले, मोहर धड राहिली आणि उत्तर आलं, गांजाचं तेल. साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्यांच्या सांगण्यावरून मी सगळ्या चौक्यांसाठी एक टिपण लिहिलं. गडद हिरवं, चिकट, उग्र वासाचं तेल दिसलं तर थांबवा, ते गांजाचं असू शकतं. ते टिपण मी अभिमानानं लिहिलं होतं.

त्या खटल्याचा निकाल लागला, कोर्टाच्या हुकमानं तेल जाळलं आणि चारही बाटल्या रिकाम्या होऊन परत आल्या. नव्या मिळणार नाहीत हे पक्कं झालं होतं. म्हणून मी त्या कॉस्टिक सोड्यानं धुतल्या, मग स्पिरिटनं, मग तासभर उकळल्या. उजेडाकडे धरून पाहिल्या, स्वच्छ. राखेनं घासणं वेगळं आणि हे वेगळं, असं मी स्वतःशी म्हणालो. मी बी.एस्सी. होतो.

पुढच्या हिवाळ्यात एक माणूस धरला गेला. इचोड्याच्या आसपासच्या खेड्यातला, चाळिशीचा, मालिश करणारा. निरगुडी, करंज आणि आणखी कसकसले पाले तिळाच्या तेलात कढवून तो गुडघ्याचं तेल बनवायचा आणि बाजाराच्या दिवशी विकायचा. बाजाराला जायला त्यानं एका ट्रकला हात दाखवला. चौकीवर ट्रक थांबवला, सीटखाली गांजाची पुडकी निघाली आणि ड्रायव्हर कापसाच्या शेतातून पळून गेला. उरला हा, आणि मांडीवर त्याचा पत्र्याचा डबा. आत गडद हिरवं, चिकट, उग्र वासाचं तेल. चौकीतल्या शिपायानं माझं टिपण भिंतीला चिकटवलेलं होतं.

पुडक्यांशी त्याचा संबंध जोडणारं दुसरं काही नव्हतं. डब्यातलं तेल गांजाचं निघालं तर तो त्याच धंद्यातला, नाही निघालं तर तो वाटसरू. त्या कायद्यात जामीन सहज मिळत नाही. तो आत बसला आणि सगळं प्रयोगशाळेच्या कागदावर आलं.

मी त्या चारांतल्या दोन बाटल्या काढल्या, नमुने घेतले, एक प्रयोगशाळेला, एक राखीव. कापड, दोरी, लाख, कुटार, सगळं नीट केलं. मनापासून केलं.

दर बाजाराच्या दिवशी त्याची बायको ऑफिसात यायची. पायरीवर बसायची. मी दिसलो की उठायची.

"बाबू, आला का कागद?"

"नाही आला अजून."

"काऊन नाई आला? तेल पाहाले किती टाइम लागते हो? मी तर बोट लावून सांगतो."

"तिथं खूप नमुने असतात, बाई."

"मंग माह्याच मानसाचं सगळ्यायच्या खाली ठेवलं का?"

जमादार तिला पाणी द्यायचा. एकदा त्यानं हळूच विचारलं की हे तेल खरंच गुडघ्याला चालतं का. तिनं पिशवीतून बाटली काढली आणि त्याच्या पायाशी बसून म्हणाली, "वर घ्या पायजमा, चाचा. सरकारले नाई समजत तं तुमचा गुडघा सांगन." सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो. तिला मात्र हसू आलं नव्हतं.

पाच महिन्यांनी कागद आला. नमुन्यात गांजाचे अंश आढळले.

साहेबांनी फाइलवर सही केली. मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होतो. पहिल्या तेलाच्या कागदात 'गांजाचा अर्क' असं लिहिलं होतं. इथं 'अंश' होतं. माणूस एवढ्या धोक्याचं तेल वाहून नेईल तर त्यात गांजाचा अंश असेल की गांजाच असेल?

त्याची बायको त्या दिवशी आलीच होती. मी तिला सांगितलं. तिनं आरडाओरडा केला नाही. पिशवीतली बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. "हे त्याच कढईतलं हाय. जे डब्यात गेलं त्याच्यातलं उरलेलं. तुमी शिकेल हाय ना? घ्या वास."

घ्या वास. मी झाकण उघडलं. निरगुडीच्या मागून करंजाचा कडवट वास आला आणि मला आमच्या गावचा उकिरडा दिसला, त्यावर ओतलेलं जवस दिसलं.

ती गेल्यावर मी मालखान्यात गेलो. टॉनिकच्या चारपैकी दोन बाटल्या अजून रिकाम्या होत्या, त्याच पहिल्या खटल्यातल्या. काच अगदी स्वच्छ. मग मी झाकण पाहिलं. झाकणाच्या आत पुठ्ठ्याची गोल चकती असते, पांढरी, वर चकचकीत कागद. ती मी पेननाइफनं उचकटली. खाली पुठ्ठा काळा हिरवा झाला होता. बोटाला चिकटला. बाटली मी सोड्यानं धुतली, स्पिरिटनं धुतली, उकळली. झाकण नुसतं विसळून उन्हात ठेवलं होतं, उकळलं तर चकती निघून येईल म्हणून. जुनं तेल त्या चकतीत बसून राहिलं होतं. तसल्याच झाकणाखाली त्या माणसाचं तेल बसनं राजधानीपर्यंत हिंदकळत गेलं होतं.

रविवारी मी गावी गेलो. आत्याबाई अंगणात तूर पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. ती सूप हलवत ऐकत राहिली, मग थांबली.

"झाकन म्हनजे बाटलीच असते ना रे बापू?"

"हो."

"मंग कॉलेजात तीन वर्सं काय शिकवलं तुले? माह्या भाकरी खाऊन?"

तिनं सूप खाली ठेवलं.

"तो मानूस कुठी हाय आता?"

"तुरुंगात."

"मंग तू इथं काऊन बसला?"

तिनं मला जेवूही दिलं नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. जेवू दिलं. पण चारच्या बसला मला स्वतः रस्त्यावर आणून उभं केलं.

सोमवारी मी साहेबांपुढे चकती कागदावर ठेवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. ते वाईट माणूस नव्हते. "बाबू, ये लिख के दोगे तो पहली चिट्ठी तुम्हारे ऊपर आएगी."

"हो, साहेब."

"पुराना केस भी खुल सकता है. ऊपरवाले बोलेंगे, ये लड़का बोतल धोना नहीं जानता. नक्को लिखो. दूसरा नमुना है ना, वो माँग लेंगे वकील लोग."

"दुसऱ्या नमुन्याची बाटलीही त्याच चारांतली आहे, साहेब. झाकणही तसंच."

ते खुर्चीत मागे टेकले. मी लिहून दिलं. बाटली माझी, धुतली मी, झाकण बदललं नाही मी. डब्यातून नवे नमुने घ्यावेत आणि नव्या बाटल्यांत घ्यावेत. पहिली चिठ्ठी माझ्यावरच आली, साहेब म्हणाले तशी. मला मालखान्याच्या कामातून काढलं आणि चौकशी लावली. चौकशीत मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता, 'नवीन बाटल्यांची मागणी आपण वेळेवर का केली नाही?' मी तिन्ही पत्रांच्या नकला दिल्या. पुढच्या तारखेला तोच प्रश्न पुन्हा विचारला.

नव्या नमुन्याला कोर्टाची परवानगी लागते. तारीख पडली, वकील आला नाही. तारीख पडली, साहेब रजेवर. तारीख पडली, मालखान्याची किल्ली दुसऱ्या कोर्टात गेलेल्या जमादाराच्या खिशात. प्रत्येक तारखेला ती बाई कोर्टाच्या वऱ्हांड्यात असायची आणि मला पाहून उठायची नाही. परवानगी मिळाली तेव्हा बाटल्या मी औषधाच्या दुकानातून आणल्या, सीलबंद खोक्यातल्या, कुणाच्याही हाताला न लागलेल्या. झाकणं उघडून चकत्या काढून टाकल्या आणि दुपदरी कोरी फॉइल बसवली. सगळं पंचांसमोर. मग पुन्हा वाट पाहणं.

कागद आला. गांजा नाही. तेल तिळाचं, त्यात वनस्पतींचे अर्क.

तो माणूस सुटला तेव्हा आत जाऊन त्याला चौदा महिने झाले होते. सुटल्यावर चार दिवसांनी तो बायकोला घेऊन मुद्देमाल न्यायला आला. मालखान्याचं काम माझ्याकडे राहिलं नव्हतं, तरी मी तिथं जाऊन उभा राहिलो. जमादारानं डबा आणला, वहीत अंगठा घेतला. माणसानं डबा उन्हात नेला, झाकण काढलं, वास घेतला, बोट बुडवून दोन बोटांत चोळलं.

"हे माहं नाई."

जमादार म्हणाला, "अरे भाई, तुम्हारा ही डब्बा है. चिट्ठी लगी है, देखो."

"डबा माहा हाय. तेल माहं नाई राह्यलं. किती जनायनं काय काय बुडवलं असन याच्यात, देव जाने. हे मी म्हाताऱ्या मानसाच्या गुडघ्याले लावू?"

त्यानं झाकण नीट घट्ट लावलं, डबा पायरीवर ठेवला आणि निघाला. मी मागे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "चूक माझी होती."

त्याची बायको थांबली. "मालूम हाय, बाबू. वकिलानं सांगतलं तुमी लिहून देल्लं ते." मग म्हणाली, "आता त्याच्या हातचं तेल कोनी घेत नाई. हे बी लिहून ठेवा."

त्याच दुपारी मी आत्याबाईला पत्र लिहिलं. गावातले शाळेचे गुरुजी तिला पत्र वाचून दाखवायचे. ती गेल्यावर ते तिच्या पेटीत सापडलं. होतं तसं इथं उतरवतो.

आत्याबाई, पाया पडतो.

गुरुजी, हे हळू वाचा, ती मधे मधे विचारेल.

तो माणूस सुटला. कागदात लिहून आलं की त्याच्या तेलात गांजा नव्हता, कधीच नव्हता. तू मला बसमध्ये बसवलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लिहून दिलं होतं. त्यानंतर एवढे महिने का लागले, ते मला सांगता येणार नाही, आत्याबाई. मी तिथंच होतो, रोज पाहत होतो, तरी सांगता येणार नाही. कुणी मुद्दाम अडवलं असं नाही. कुणी हललंच नाही. मी एकटा ढकलत राहिलो आणि एका माणसाच्या ढकलण्यानं जेवढं सरकतं तेवढंच सरकलं.

माझी चौकशी संपली. नोकरी राहिली आहे. आता मी जावक टपालावर बसतो. तू काळजी करशील म्हणून सांगतो, दोन वेळा नीट जेवतो.

तू म्हणशील, सुटला ना, मग तोंड पाडून काऊन लिहितो. त्यानं आज त्याचा डबा परत घेतला नाही. वास घेतला आणि म्हणाला, हे आता माझं तेल नाही. तू जे मला करंजाच्या बाटलीबद्दल सांगितलं होतंस तेच तो आमच्या ऑफिसाला सांगून गेला, फक्त त्याच्या शब्दांत. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि तेल उकिरड्यावर गेलं, बाकी काही गेलं नाही. या वेळी त्याचे चौदा महिने गेले आणि त्याचं गिऱ्हाईक गेलं. लोक म्हणतात, पोलिसांनी धरलं होतं म्हणजे काहीतरी असेल. ते कोणत्या सोड्यानं धुवायचं हे मला कॉलेजात शिकवलं नाही. तुला ठाऊक असेल तर गुरुजींकडून लिहून पाठव.

डबा अजून ऑफिसच्या पायरीवर आहे. जमादार म्हणतो फेकून द्या. मला फेकवत नाही, पण तो तुझ्याकडे आणणार नाही, भिऊ नकोस.

तू मला शिकवलंस म्हणून मी ती चकती उचकटून पाहिली. मी शिकलो म्हणून ती चूकही केली. दोन्ही तुला सांगायला हवं होतं, कारण दोन्हीत तुझ्या भाकरी आहेत.

एक काम आहे. येत्या रविवारी मी येतो. घाणेवाल्याला तिळाचं तेल काढून ठेव म्हणावं, ताजं. ते घेऊन मी त्याच्या गावी जाणार आहे. त्याच्या कढईत त्याचे पाले पडतील, माझं फक्त तिळाचं तेल. तो घेईल असं नाही. कदाचित दारातूनच परत पाठवेल, तसं झालं तर परत येईन.

तेल न्यायला तुझ्याकडे एखादी बरणी असेल तर दे, पण कोरी असली तरच. जिला अजून दोरीसुद्धा बांधली नाही अशी. तशी नसेल तर राहू दे, मी बाजारातून आणीन. जुनी मात्र देऊ नकोस, तू स्वतः धुतलेली असली तरी.

तुझा
बापू